बादलीला भिणारा डावा बूट

मित्रांनो, जवळ या, पण आधी हात दाखवा. ओले नाहीत ना? मग बसा. मी एक जुना डावा बूट आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तुम्ही हसाल. बूट आणि भित्रा? काटे, खडी, शेण, चिखल, सगळं तुडवत जाणाऱ्याला कसली आलीय भीती? पण खरं सांगतो, काट्याखड्यांना मी कधी भ्यालो नाही. मी भ्यालो ते घरातल्या बादलीला. मोरीतला नळ सुटला आणि पत्र्याच्या बादलीत धार पडायला लागली, की माझी पाचावर धारण बसायची. अजूनही बसते. का, ते ऐका.

माझा जन्म उल्हासनगरचा. कॅम्प चारमध्ये, एका अरुंद गल्लीत, शिवराम नावाच्या कारागिराच्या गाळ्यात. साल असेल एकोणीसशे शहाऐंशी. गाळ्याच्या एका बाजूला पापड वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूला पँट शिवणारी मशीनं दिवसभर खडखडत असायची, आणि मधे आमचा शिवराम मान खाली घालून चामडं कापत बसायचा. एक दिवस त्याने भलंमोठं तपकिरी कातडं फळीवर पसरलं आणि रापी काढली. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. अगं आई गं, ते पातं! कातड्यावरून ते सर्रकन फिरलं तेव्हा भीती म्हणजे काय, ते मला जन्माआधीच कळलं. त्या एकाच कातड्यातून आम्ही तिघं निघालो. उजवा बूट, मी आणि एक रुंद पट्टा.

मी साधा बूट नव्हतो. पोलिओने ज्या मुलांच्या पायातला जोर गेला, त्यांच्यासाठी शिवराम असले बूट करायचा. माझ्या टाचेत त्याने एक आडवी पितळी नळी बसवली. त्या नळीत दोन लोखंडी सळ्या अडकवायच्या. त्या पायाच्या दोन्ही बाजूंनी वर जायच्या आणि मांडीपाशी त्या रुंद पट्ट्याने आवळून बांधायच्या. या सगळ्या सरंजामाला कॅलिपर म्हणतात. पाय उभा राहतो लोखंडाच्या जोरावर, आणि लोखंडाला धरून ठेवते माझी टाच. टाच सुटली की सळ्या सुटल्या, सळ्या सुटल्या की माणूस जमिनीवर. मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवराम माझी टाच शिवत होता, वरून खिळे ठोकत होता आणि मी मनात म्हणत होतो, बाबा रे, घट्ट शिव. आणखी घट्ट शिव.

मला न्यायला बदलापूरहून एक कुटुंब आलं. गुरुदत्त हे अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांची बायको मालिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा. घरात तिला नंदा म्हणायचे. नऊ वर्षांची, बोलायला फटाकडी, आणि डावा पाय वेलीसारखा बारीक. शिवरामने मला तिच्या पायात चढवलं, नाड्या बांधल्या, सळ्या अडकवल्या आणि म्हणाला, "उठ बेटा."

नंदा उठली. आईचा हात सोडून भिंतीपर्यंत गेली आणि वळून परत आली. मालिनीताईंनी पदर तोंडाला लावला. शिवराम गुरुदत्तांना म्हणाला, "साहेब, पाण्यापासून जपा याला. बाकी काय नाय."

"ती काळजीच नको," गुरुदत्त म्हणाले. आणि खोटं नाही सांगत, पावसापासून त्यांनी मला खरंच जपलं.

बदलापुरात कात्रपला, नव्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. दाराबाहेर चपलांचा स्टँड होता आणि त्या घरात नियम असा, की पायातलं काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही. तुमच्याही घरी असाच नियम असेल. चांगलाच नियम आहे तो. पण नंदाचं काय व्हायचं? ती शाळेतून यायची, उंबऱ्यावर बसायची, पट्टा सोडायची, माझ्या नाड्या सोडायची आणि मला बाहेर ठेवायची. आणि मग, दोन्ही हात फरशीवर टेकून, पाय मागे ओढत, घसटत घसटत आत जायची. रस्त्यावर ताठ चालणारी मुलगी स्वतःच्या घरात फरशीवरून सरपटायची. मी स्टँडवरून ते बघायचो.

मालिनीताईही बघायच्या. एकदा घरी पाहुणे आले होते. कांदेपोह्यांच्या बश्या मांडलेल्या आणि नंदा त्यांच्यामधून वाट काढत सरपटत मोरीकडे निघाली. एका पाहुणीने पटकन आपली साडी आवरून घेतली. बस्स. त्याच संध्याकाळी मालिनीताई म्हणाल्या, "उद्यापासून नंदाचे बूट घरात येतील."

"रस्त्यावरचे? फरशीवर?" गुरुदत्तांनी विचारलं.

"रस्त्यावरचे कसे येतील? मी धुऊन घेईन की. रोज."

मित्रांनो, एवढं प्रेम होतं त्या वाक्यात, आणि त्याच वाक्याने माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी नळ सुटला. बादली भरली. मालिनीताईंनी सळ्या काढल्या आणि मांडीच्या पट्ट्यासकट खिळ्याला टांगल्या, कारण ते काही जमिनीला लागत नव्हतं. मला आणि उजव्याला त्यांनी बादलीत बुडवलं. पूर्ण बुडवलं! नाकातोंडात पाणी जाणं म्हणजे काय, ते मला विचारा. मग कपड्यांचा साबण लावून, कपड्यांच्याच ब्रशने त्यांनी मला आतून बाहेरून घासलं. तळवा घासला, टाच घासली, शिवणीत अडकलेली माती बोटाच्या नखाने काढली. शिवरामने दोऱ्याला लावलेलं मेण साबणाबरोबर मोरीत वाहून गेलं. ते जाताना मला जाणवलं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुठून? मला जीभ आहे, नाही असं नाही, नाड्यांखालची ती चामड्याची पट्टी. पण तिचा काही उपयोग नाही.

आणि त्या संध्याकाळी नंदा मला घालून आपल्या घरात चालली. खिडकीपाशी गेली. पाण्याच्या माठापाशी गेली, स्वतःच्या हाताने पेला भरून घेतला. कपाटाच्या आरशात पहिल्यांदा स्वतःला उभं पाहिलं. उगाचच इकडून तिकडे फेऱ्या मारत होती आणि आई पोळ्या लाटता लाटता हसत होती. तेव्हा मी स्वतःला समजावलं, अरे, थोडं पाणी सोस की तिच्यासाठी.

पण ते थोडं नव्हतं, रोजचं होतं. गंमत बघा, पाऊस लागला की त्याच मालिनीताई मला शाळेत पाठवताना माझ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायच्या, वरून रबर लावायच्या. "बुटाला पाणी लागू देऊ नकोस हं, नंदा," असं दहा वेळा बजावायच्या. आणि संध्याकाळी पिशवी काढून मला बादलीत बुडवायच्या! पावसाचं ते पाणी आणि बादलीतली ती स्वच्छता, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात त्यांना काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

शेजारपाजारचे तर कौतुक करून थकत नसत. शेजारच्या काकू म्हणायच्या, "मालिनीताई, बूट आहे की देव्हाऱ्यातला तांब्या!" मालिनीताई लाजायच्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात घासायच्या. बाहेरच्या स्टँडवर गुरुदत्तांचे ऑफिसचे काळे बूट असायचे. धुळीने माखलेले. रविवारी ते खाली वर्तमानपत्र पसरून त्यांना कोरड्या ब्रशने झटकायचे, फडक्याने पुसायचे, डबीतलं पॉलिश बोटाने चोळायचे. त्यांना कधी कुणी धुतलं नाही. कुणी त्यांचं कौतुकही केलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायला लागला होता.

धुतल्यावर मला गॅलरीच्या कठड्यावर रणरणत्या उन्हात ठेवायचे. पाणी उडून जायचं, पण जाताना माझ्या अंगातलं तेलही घेऊन जायचं. मी लाकडासारखा कडक झालो. घोट्यापाशी, जिथे पाय वाकतो तिथे, मला भेगा पडल्या. मालिनीताईंना वाईट वाटलं. त्यांनी डोक्याला लावायचं खोबरेल आणलं आणि मला चोपडलं, अगदी निथळेपर्यंत. भेगा दिसेनाशा झाल्या. मी पुन्हा चमकलो. काकू पुन्हा म्हणाल्या, "नवाच वाटतो गं!" त्या तेलाच्या वासाने मोरीतली झुरळं माझ्याभोवती जमायची आणि पुढून कुरतडायची. शी! त्यांच्या मिशा माझ्या शिवणीत वळवळायच्या.

पावसाळ्यात तर ऊनही नसायचं. मी वाळायचोच नाही. आत पांढरी बुरशी धरायची, मालिनीताई ती बघून घाबरायच्या आणि पुन्हा साबणाने धुवायच्या. मग वाळवायला स्टोव्हशेजारी. एकीकडून भाजतोय, दुसरीकडून ओला. काय सांगू तुम्हाला माझी दशा!

आणि मग एके दिवशी ते सुरू झालं. नंदा चालत असताना माझ्या टाचेत बारीकसं "टक" झालं. एक टाका तुटला. मी जीव मुठीत धरून वाट बघत राहिलो. काही झालं नाही. दुसरा तुटायला आठवडे गेले. पण टाचेतले खिळे गंजत होते, आणि गंज लागलेल्या खिळ्याभोवतीचं चामडं भिजलेल्या बिस्किटासारखं मऊ पडत होतं. वरून मी लखलखीत होतो. आतून मी कुजत होतो, आणि हे फक्त मला माहीत होतं. उजव्याचीही शिवण कुजत होती, पण त्याच्या टाचेत लोखंड नव्हतं. तो सुटला असता तर फार तर तळवा लोंबला असता. मी सुटलो असतो तर नंदा पडली असती. कुठे पडली असती? जिन्यावर? रस्त्यात? गाडीखाली? माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नसे.

त्याच वर्षी नंदाने हट्ट धरला. बाबा तिला रोज स्कूटरवरून शाळेत सोडायचे. तिच्या वर्गातल्या मुली मात्र घोळक्याने हसत-खिदळत चालत जायच्या. "मला पण चालत जायचंय," ती म्हणाली. "त्यांच्याबरोबर. आई, तू मागून यायचं नाहीस. बाबा, तुम्ही पण नाही."

मालिनीताईंना आधी नाला आठवला. शाळेच्या वाटेवर एक नाला होता आणि त्याच्यावर कठडा नसलेला अरुंद दगडी साकव. दोन माणसं समोरासमोर आली तर अंग चोरून जावं लागायचं. "तिथून कशी जाशील गं?"

"सगळ्या जातात तशी. आई, मी पडत नाही आता. तूच बघतेस ना घरात?"

खरंच होतं ते. घरात चालून चालून ती पक्की झाली होती. शेवटी ठरलं, गणपती झाले की जायचं. नंदा आनंदाने टाळ्या पिटत होती आणि माझी शिवण थरथरत होती. नको गं नंदा. मला एकदा उलटा करून बघ. टाचेला नुसतं बोट लाव. पण लखलखीत वस्तूला उलटं करून कोण बघतं?

गणपती आले. घर झाडून-पुसून आरशासारखं केलं. नंदाने सांगून ठेवलं होतं, "या वर्षी मी आरतीला उभी राहणार." आजवर ती कोपऱ्यात बसून टाळ वाजवायची. देवासमोर चामडं न्यायचं म्हणजे मालिनीताईंच्या मनाची घालमेल झाली, पण लेकीपुढे त्यांनी ती गिळली. फक्त मला त्या दिवशी त्यांनी साध्या पाण्याने धुतलं नाही. कढत पाणी घेतलं आणि त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. त्या पाण्यात गेलो आणि माझं उरलंसुरलं बळ संपलं. चामडं आकसलं. शिवणीतून दोऱ्याचे तंतू बाहेर आले. मालिनीताईंना वाटलं, कचरा आहे. त्यांनी ते कात्रीने छाटून टाकले!

आरती सुरू झाली. घरभर माणसं, समोर निरांजन, कापूर पेटलेला, आणि नंदा सगळ्यांच्या पुढे ताठ उभी. टाळ्यांच्या ठेक्यावर ती डोलत होती. ती डावीकडे झुकली की भार माझ्यावर. टक. पुन्हा झुकली. टक. तिच्या समोर हातभर अंतरावर ज्योती हलत होत्या. ही पुढे पडली तर तोंडावरच पडेल, फ्रॉक नायलॉनचा आहे. देवा गणराया, मी म्हटलं, चामड्याचा विटाळ झाला असेल तर मला शिक्षा कर, पण हिला धरून ठेव. आरती संपली. नंदा प्रसाद वाटायला गेली. मी घामाने भिजलो असतो, पण मी आधीच ओला होतो.

गणपती गेले आणि तो सोमवार आला. मुली दारात आल्या, "नंदाऽऽ, चल!" मालिनीताईंनी सळ्या माझ्या नळीत अडकवल्या, मांडीचा पट्टा आवळला, माझ्यावरून फडकं फिरवलं. "सावकाश जा हं." त्या दारातच उभ्या राहिल्या, कारण मागून यायचं नाही असं कबूल केलं होतं. नंदाने वळून हात हलवला.

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मुलींच्या घोळक्यात ती मधोमध चालत होती, कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. मी प्रत्येक पावलाला फाटत होतो. डांबरी रस्ता संपला, मातीची वाट लागली, आणि नाल्याचं पाणी ऐकू आलं. वरच्या डोंगरात रात्री पाऊस झाला असावा. पाणी गढूळ होतं आणि जोरात होतं. मुली एकामागे एक साकवावर चढल्या. नंदा मधे. मी ओल्या दगडावर टेकलो. उचललो गेलो. टेकलो. आता अर्धं झालं, मी मोजत होतो, आता थोडंच राहिलं.

आणि मग टाका नाही, सगळी टाचच गेली. खिळे कुजलेल्या चामड्यातून अलगद निघाले. पितळी नळीसकट टाच खाली पाण्यात पडली, सळ्या मोकळ्या झाल्या आणि नंदाचा पाय माझ्यासकट वाकला. "आई!" एवढंच ती ओरडली. ती आडवी पडली, अर्धी साकवावर, आणि डावा पाय पाण्यावर लोंबकळत राहिला. मी त्या पायाला नाड्यांनी बांधलेला. खाली पाणी. पुढच्या मुली किंचाळल्या, मागच्या रडायला लागल्या. कुणाला काही सुचेना. नंदाने दोन्ही हातांनी दगडाची कड धरली होती आणि तिची बोटं घसरत होती.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून काकड्यांची पाटी घेऊन बाजाराला निघालेली जिजा तेवढ्यात पलीकडून आली. तिने पाटी तशीच टाकली. काकड्या गडगडत नाल्यात गेल्या. "हलू नको गो बाय! तशीच ऱ्हा!" ती साकवावर बसत बसत पुढे आली, नंदाच्या काखेत हात घातले आणि तिला ओढून छातीशी धरलं. "सोड आता दगुड. धरलाय तुला मी. सोड." नंदाने किती वेळ तरी दगड सोडलाच नाही.

जिजाने तिला कडेवर घेऊन घरी आणलं. कोपर सोललेलं, कपाळाला खोक. मालिनीताईंनी तिला घेतलं, जिजाचे हात धरले, चहा टाकला, हळद लावली. गुरुदत्त घाईघाईने कारखान्यातून आले. नंदाला जवळ घेऊन झाल्यावर त्यांनी मला उचललं, टाच नसलेला, लोंबणारा. त्यांचा आवाज चढला. "कच्चं काम केलंय त्या शिवरामने! पोरीच्या जिवाशी खेळ! आत्ता जातो कॅम्प चारला, गल्लीत चारचौघांत विचारतो त्याला." त्यांनी मला पिशवीत कोंबलं. "तो पट्टा पण दे. सगळंच त्याच्या तोंडावर मारतो."

मालिनीताईंनी सळ्यांवरून मांडीचा पट्टा सोडला. सोडता सोडता त्यांचा अंगठा त्याच्यावरून फिरला आणि तिथेच थांबला. पट्टा मऊ होता. शिवण घट्ट, दोरा पिवळाधमक, जसा शिवरामने घातला तसा. त्यांनी पिशवीतून मला बाहेर काढलं. एका हातात पट्टा, एका हातात मी. एकाच कातड्याचे आम्ही. त्यांनी माझ्या तळव्यात अंगठा दाबला आणि तो आत गेला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "शिवरामशी भांडू नका."

"का?"

"पट्टा मी कधी धुतला नाही. हे मी धुतलं. रोज धुतलं." त्यांनी मला मांडीवर ठेवलं आणि त्या इतक्या रडल्या, की मी पुन्हा भिजलो. त्या पाण्याचं मात्र मला काही वाटलं नाही.

शिवरामने मला वाचवलं. खालचं सगळं कापून नवा तळवा, नवी टाच, नवी नळी, नवे टाके. मालिनीताई स्वतः गेल्या होत्या. "मग पुसायचं कसं?" त्यांनी विचारलं. "सुकं फडकं," तो म्हणाला. "भिजला तर आत कागद कोंबायचा नि सावलीत ठेवायचा. घाई नाय करायची." बस, एवढंच.

तेव्हापासून बादली बंद झाली. पण धुवायचं नाही म्हटल्यावर मी घरात कसा येणार? मी बाहेरच्या स्टँडवर गेलो, गुरुदत्तांच्या बुटांशेजारी. कोरडा, सुरक्षित. आणि आतून मला आवाज यायचा. फरशीवर घसटण्याचा. नंदा पुन्हा सरपटत होती. घरातच नाही, सगळीकडेच, कारण ती मला पायात घालायलाच तयार नव्हती. "मला नको. तो आवाज येईल. मी पडेन," ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मित्रांनो, नाल्यावर लोंबकळताना मी जेवढा घाबरलो नव्हतो, तेवढा त्या दिवसांत घाबरलो. ही आता कधीच उभी राहणार नाही, या भीतीने मी पोखरला जात होतो.

मालिनीताई रोज संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर बसायच्या, नंदाला शेजारी बसवायच्या. मला झटकायच्या, सुक्या फडक्याने पुसायच्या, बोटभर पॉलिश चोळायच्या. मग मला उलटा करून उजेडात धरायच्या आणि शिवणीवरून बोट फिरवायच्या. "बघ, धरलंय." नंदा तोंड फिरवायची. काही दिवसांनी ती चोरून बघायला लागली. एकदा म्हणाली, "वरून धरलेलंच दिसतं. आतून कुजलं असेल तर?"

"मग वाकवून बघ ना. तूच बघ."

नंदाने मला घेतलं. टाच दोन्ही हातांनी धरून पिरगाळली. माझा जीव वर आला, पण मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पिरगाळलं. हळूहळू ते तिचंच काम झालं. आईला ती हातच लावू द्यायची नाही. झटकायचं, पुसायचं, पावसात भिजलो तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गॅलरीच्या सावलीत ठेवायचं, बुरशी धरली तर सुक्या ब्रशने झाडायची, आणि रोज टाका न् टाका बोटाने तपासायचा. एका सकाळी तपासून झाल्यावर तिने मला पायात घातलं. सळ्या अडकवल्या, पट्टा आवळला. खिडकीचे गज धरून उभी राहिली.

नंतर ती पुन्हा शाळेला चालत निघाली. साकवापर्यंत आई होती. साकवावर ती एकटी गेली, खूप हळू, आणि पलीकडे पोचल्यावर थोडा वेळ नुसती उभी राहिली. मीही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी चिखलाने माखलेला होतो. सवयीने ती उंबऱ्यावर बसली. पट्टा सोडला, नाड्यांना हात घातला. आत फरशी नुकतीच पुसलेली होती, चकाकत होती. स्वयंपाकघरात देवापुढे दिवा लावलेला होता. मालिनीताई दारात आल्या. चिखलाकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. मला वाटलं, आता बादली.

"बांध त्या नाड्या," त्या म्हणाल्या. "ये आत."

"आई, बूट घाण आहेत."

"असू देत. फरशी मी पुसेन. तू ये."

नंदाने पट्टा पुन्हा आवळला, उठली आणि चालत आत गेली. चकचकीत फरशीवर माझे मातीचे ठसे उमटत गेले, खिडकीपर्यंत, माठापर्यंत. मालिनीताई फडकं हातात घेऊन उभ्या होत्या, पण ते ठसे त्यांनी लगेच पुसले नाहीत.

पुढे नंदाचा पाय वाढला आणि मी तिला लहान झालो. नवे बूट आले, ते तिने पहिल्या दिवसापासून स्वतःच सांभाळले. आता ती उल्हासनगरला कॉलेजात शिकवते. मी तिच्या कपाटात असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, सुती कापडात. महिन्यातून एकदा ती मला बाहेर काढून वारा देते. तरी शेजारी कुणाकडे नळ सुटला की मी दचकतोच.

म्हणून सांगतो, मित्रांनो. चामड्याची वस्तू धुऊ नका. सुक्या फडक्याने पुसा, भिजली तर सावलीत वाळू द्या, उन्हाची आणि चुलीची घाई करू नका, तेलाने भेगा झाकू नका. आणि तुमच्या घरात कुणी ज्याच्या आधाराने उभं राहतं, बूट असो, पट्टा असो, कुबडी असो, ते वरून लखलखीत दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. ते उलटं करा. शिवणीवरून बोट फिरवा. आजच फिरवा. आम्हाला ओरडता येत नाही.